पदवीची पत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

(विचुंबे, ता. पनवेल येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेलेल्या माणसाने आयुष्यभर ज्या गोष्टीची काळजी वाहिली, तिची काळजी मागे राहिलेल्यांनी वाहायची, यासाठी आपण स्मृती-व्याख्यान ठेवतो. म्हणून आज मी शिक्षणातला एकच प्रश्न घेऊन आलो आहे. विद्यार्थ्याला विषय समजला आहे, हे विद्यापीठाने यापुढे कशावरून ठरवायचे?

हा प्रश्न विचुंब्यात मांडायला कारण आहे. देवद-विचुंबे परिसरात आज उच्च शिक्षणाच्या सोयी आहेत. एका पिढीपूर्वी इथल्या मुलाला पदवीसाठी पनवेल गाठावे लागे, त्याआधीच्या पिढीला तर मुंबई. भाताची खाचरे गेली, इमारती आल्या, विमानतळाभोवतालच्या नियोजित क्षेत्राचे, म्हणजे नैनाचे नकाशे आले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जमिनीवरची मिळकत संपत चाललेल्या घरात आता मुलांच्या पदव्या हीच मिळकत ठरणार आहे. त्या पदवीची पत टिकते की जाते, ही गोष्ट या गावाला दूरची नाही.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे मजकूर लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन सर्वांसाठी खुले झाले. घरून लिहून आणलेला निबंध, प्रकल्प अहवाल, पाठ टाचण किंवा जर्नल हा समजुतीचा पुरावा आहे, हे गृहीतक तेव्हापासून डळमळू लागले. पुढे अशा साधनांच्या सशुल्क सेवाही फुकट मिळू लागल्या. २०२५ मध्ये गुगलने भारतातल्या विद्यार्थ्यांना जेमिनीची सशुल्क सेवा वर्षभर मोफत देऊ केली. एअरटेलच्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी मिळाले, जिओच्या ग्राहकांना जेमिनी, आणि नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीची एक सशुल्क योजनाही वर्षभरासाठी मोफत झाली. ज्या मुलाला संदर्भग्रंथ विकत घेणे परवडत नाही, त्याच्याही मोबाइलवर ही साधने आहेत.

ती किती चांगले लिहितात? जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हार्टन या नामांकित व्यवस्थापन संस्थेतले प्राध्यापक ख्रिश्चन टेरविश यांनी आपल्या एम.बी.ए.च्या विषयाची अंतिम परीक्षा त्यावेळच्या चॅटजीपीटी या यंत्राला दिली. त्याला बी आणि बी-वजा यांच्या दरम्यानची श्रेणी मिळेल, असे त्यांनी नोंदवले. त्यानंतर इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ३३ काल्पनिक विद्यार्थी तयार केले आणि त्यांच्या नावाने यंत्राने लिहिलेली उत्तरे मानसशास्त्राच्या घरून द्यायच्या परीक्षेत घुसवली. तपासणाऱ्यांना याची कल्पना नव्हती. जून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यानुसार ९४ टक्के उत्तरे कोणाच्याही लक्षात आली नाहीत, आणि त्यांना खऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा सरासरी जास्त गुण मिळाले होते. ते परीक्षक अनुभवी होते. नुसता कागद पाहून आता लेखक ओळखता येत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

हे सगळे यंत्राने बिघडवले, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या महाविद्यालयांत जर्नल समजून लिहिण्यापेक्षा उतरवूनच जास्त लिहिले जाते. वरच्या वर्गातल्या मुलाची वही खालच्या वर्गात येते, आकृत्या आणि निरीक्षणेसुद्धा जशीच्या तशी. शिक्षक सही करतात, कारण समोर शंभर वह्या असतात आणि गुण भरण्याची तारीख उद्याची असते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच. पाठ करायचे, उतरवायचे, विसरायचे. हा पोकळपणा यंत्राच्या आधीचा आहे. यंत्राने त्यातले कष्ट काढून घेतले आणि तो लपवणे अशक्य केले.

तरीही परीक्षाच नको, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी भारतातल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी सगळ्यांना माहीत आहे. त्याच निवेदनात एक कमी बोलला जाणारा मुद्दा आहे. मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षा खाजगीरीत्या अभ्यास करणाऱ्यांना खुली केली, याचे त्यांनी स्वागत केले, आणि बी.ए., एम.ए.च्या परीक्षाही तशाच खुल्या कराव्यात, अशी अपेक्षा व्यक्त केली. ज्याला महाविद्यालयाची फी परवडत नाही, त्याने घरी अभ्यास करावा आणि परीक्षेने त्याला न्याय द्यावा, हा त्यामागचा विचार.

या मागणीत परीक्षेचे खरे सामाजिक काम सांगितलेले आहे. ज्याच्या मागे नाव नाही, ओळख नाही, वशिला नाही, त्याच्या बाजूने साक्ष देणारी ती एकच संस्था आहे. उद्या पदवीवरचा विश्वास उडाला, तर नोकरी देणारा काय करील? तो नामांकित महाविद्यालयाचे नाव पाहील, इंग्रजी उच्चार पाहील, ओळखीच्या माणसाची चिठ्ठी पाहील. ज्यांच्याकडे हे सगळे आहे, त्यांचे काहीच बिघडणार नाही. बिघडेल ते घरात पहिल्यांदा पदवीधर होणाऱ्या मुलीचे, जिने खरोखर अभ्यास करून मिळवलेले ७० टक्के आणि दुसऱ्या कोणी यंत्राकडून लिहवून मिळवलेले ७० टक्के बाजारात एकाच भावाने मोजले जातील. म्हणून मूल्यमापनाचा प्रश्न मी शिस्तीचा मानत नाही, सामाजिक न्यायाचा मानतो.

तंत्रज्ञान आणि परीक्षा यांची गाठ घाईने घातली की काय होते, याचा अनुभव आपल्या मुंबई विद्यापीठाने घेतलेला आहे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय परीक्षांच्या तोंडावर झाला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षा. स्कॅनिंग रखडले, पुरवण्या मूळ उत्तरपत्रिकांपासून तुटल्या, शिक्षकांना पुरेसे प्रशिक्षण मिळाले नव्हते. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल पुढे महिनोन्‌महिने लांबले. परदेशातले प्रवेश हुकले, नोकऱ्या हुकल्या. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

पण पडद्यावर तपासण्याची कल्पना वाईट नव्हती. त्यात बेरीज यंत्र करते, तपासायचा राहिलेला प्रश्न लक्षात येतो, विद्यार्थ्याची ओळख झाकलेली राहते, गठ्ठे वाहून न्यावे लागत नाहीत. चूक होती ती तालीम न घेता लाखो मुलांवर प्रयोग करण्याची. तेव्हाचे यंत्र फक्त पाने दाखवत होते आणि गुण माणूसच देत होता. आता गुणही यंत्राने द्यावेत, असे प्रस्ताव ठिकठिकाणी येत आहेत. २०१७ विसरून आपण त्यांच्याकडे पाहू शकत नाही.

दुसरा धडा कोविडच्या साथीच्या काळातला. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी मग प्रामुख्याने बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा घरी बसलेल्या मुलांकडून घेतल्या. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाने तर मोबाइल किंवा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारी, प्रॉक्टर्ड म्हणतात ती पद्धत वापरली. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. पण एका खोलीत पाच माणसे राहणाऱ्या घरातल्या मुलाने हालचाल केली, मागे कोणी बोलले, नेटवर्क गेले, तर यंत्राच्या नोंदीत तोच संशयित. पाळत वाढवली की प्रामाणिकपणा वाढतो, असे मला तरी त्या दोन वर्षांत दिसले नाही.

तीच चूक आज दुसऱ्या रूपात होते आहे. मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखून देणारी सॉफ्टवेअर बाजारात आहेत. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम आहेत. त्यांत साम्याच्या टक्केवारीप्रमाणे पायऱ्या ठरवल्या आहेत : १० टक्क्यांपर्यंत सवलत, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या मर्यादा ओलांडल्या की वाढती शिक्षा. पण हे नियम उतरवलेल्या मजकुरासाठी आहेत. यंत्राने तयार केलेला मजकूर बहुधा कुठूनही उतरवलेला नसतो, त्यामुळे साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला तो निर्मळ दिसू शकतो. म्हणून लोक दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे लेखक ओळखण्याचा दावा करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन काढले आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये मागे घेतले. यंत्राच्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के ते ओळखत होते, आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का मारत होते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंधांवर ‘यंत्राने लिहिलेला’ असा ठपका बसला. अमेरिकन शाळकरी मुलांच्या निबंधांना मात्र हा त्रास जवळजवळ झाला नाही. ज्याची शब्दसंपत्ती मर्यादित, वाक्ये साधी आणि ठरावीक वळणाची, त्याच्यावर संशय जातो, असे त्यामागचे कारण. आता विचार करा, मराठी शाळेत शिकून महाविद्यालयात इंग्रजीत प्रकल्प लिहिणारी आपली मुले कशी लिहितात? साधी, ठरावीक वळणाची वाक्ये. म्हणजे या यंत्राच्या हाती शिक्षेचा अधिकार दिला, तर सर्वांत आधी आपलीच प्रामाणिक मुले सापडतील, आणि ज्याला मजकुरावर सफाईने हात फिरवता येतो तो सुटेल.

२०२४ मध्ये हरियाणातल्या एका विद्यापीठाच्या विधी शाखेतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने अशाच एका निर्णयाविरुद्ध पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात धाव घेतली. त्याची उत्तरपत्रिका ८८ टक्के यंत्राने लिहिलेली आहे, असे ठरवून त्याला नापास केले होते. यंत्राचा वापर करू नये असा नियमच नव्हता, हा त्याचा एक मुद्दा होता. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकाली निघाली. नियम आधी लिहायचा आणि शिक्षा नंतर करायची, ही साधी न्यायाची रीत आहे. आपल्या किती महाविद्यालयांनी आपले नियम विद्यार्थ्यांना समजतील अशा मराठीत लिहून दिले आहेत?

आता अध्यापनाकडे वळतो, कारण मूल्यमापन अध्यापनापासून तोडून बघता येत नाही. यंत्राच्या मदतीने शिकता येते का? याचे उत्तर यंत्र कसे वापरले यावर ठरते. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत जवळपास हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. एका गटाला साधे चॅटजीपीटीसारखे साधन दिले. सरावाच्या उदाहरणांत त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना ते कधीच मिळाले नव्हते त्यांच्यापेक्षा या मुलांना १७ टक्के कमी गुण पडले. दुसऱ्या गटाच्या साधनाला शिक्षकांनी सूचना दिल्या होत्या : उत्तर सांगू नकोस, इशारा दे. या गटाची सरावातली सुधारणा १२७ टक्के होती, आणि परीक्षेत त्यांचे नुकसान झाले नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या १९४ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात तर, शिक्षकांनी विचारपूर्वक घडवलेल्या यंत्र-शिक्षकाकडून मुले वर्गापेक्षा कमी वेळात जास्त शिकली. दोन्ही ठिकाणी फरक पडला तो यंत्रामागे उभ्या असलेल्या शिक्षकामुळे.

आपल्यासाठी यात आशेची जागा भाषेची आहे. आय.आय.टी. मुंबईत २०२१ मध्ये ‘उडान’ प्रकल्प सुरू झाला. अभियांत्रिकीची आणि इतर विद्याशाखांची पुस्तके इंग्रजीतून भारतीय भाषांत आणायला तो यंत्राची मदत घेतो, आणि भाषांतर जाणकारांकडून तपासून घेतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे ‘अनुवादिनी’ त्याच कामासाठी आहे. थर्मोडायनॅमिक्सचा धडा इंग्रजीत वाचून गोंधळलेली मुलगी रात्री अकरा वाजता तीच गोष्ट यंत्राला मराठीत, चार वेळा, न लाजता विचारू शकते. वर्गात हात वर करायला घाबरणाऱ्या मुलासाठी ही लहान सोय नाही. तिच्यावर बंदी घालणारा मी कोण?

पण शिकण्यासाठी यंत्र आणि गुण देण्यासाठी यंत्र, यांत सीमारेषा हवी. युरोपीय संघाने २०२४ च्या आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या कायद्यात, शिकलेल्याचे मूल्यमापन करणाऱ्या यंत्रप्रणाली मोठ्या जोखमीच्या म्हणून नोंदवल्या आहेत. शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांच्या भावना टिपणाऱ्या यंत्रांना तर त्यांनी जवळजवळ पूर्ण मनाईच केली आहे. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे, तरी विद्यार्थ्याच्या नावानिशी उत्तरपत्रिका एखाद्या फुकट संकेतस्थळावर चढवून गुण विचारताना कोणी थांबत नाही. हे थांबले पाहिजे. यंत्राने बेरीज करावी, राहिलेला प्रश्न दाखवावा, दोन परीक्षकांच्या गुणांत मोठी तफावत असेल तर सांगावे. गुणाखाली सही मात्र माणसाची हवी, कारण विद्यार्थ्याने ‘का?’ असे विचारले तर उत्तर देण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर असते.

मग करायचे काय? मला उपाय दिसतो तो जुना आहे : तोंडी परीक्षा. घरून आणलेले लेखन स्वीकारावे, यंत्राची मदत घेतली असेल तर कोणती, ते विद्यार्थ्याने लिहून द्यावे, आणि मग त्याला समोर बसवून त्याच्याच लेखनावर पाच मिनिटे विचारावे. हे वाक्य का लिहिलेस? हा आकडा कुठून आला? हा मुद्दा खोडायचा असेल तर कसा खोडशील? ज्याने समजून लिहिले त्याला पाच मिनिटे पुरतात, आणि ज्याने समजून घेतले नाही त्याला तीही जास्त होतात. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाचे सरळ दोन भाग केले आहेत : एक समोर बसून, सुरक्षित, दुसरा खुला, यंत्रासह. ही विभागणी आपल्यालाही जमण्यासारखी आहे.

तोंडी परीक्षेचे धोके मला माहीत आहेत. आडनाव दिसते, पेहराव दिसतो, बोली ऐकू येते. आगरी बोलीत विचार करणारा मुलगा प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत अडखळला, म्हणून त्याला विषय येत नाही असे ठरू नये. त्यासाठी दोन परीक्षक असावेत, प्रश्न विद्यार्थ्याच्या लेखनातूनच यावेत, उत्तर त्याच्या भाषेत चालावे, आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवावे, म्हणजे पुनर्मूल्यांकन मागता येईल.

आणि आता खर्चाचा हिशेब. ६० विद्यार्थ्यांचा वर्ग, प्रत्येकी ५ मिनिटे, म्हणजे एका विषयाला ५ तास. हे पाच तास कोणाकडे आहेत? राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची हजारो पदे रिकामी आहेत. त्या जागी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, तरुण शिक्षक राबतात. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. विद्यार्थ्याला समोर बसवून ऐकण्याचा तास त्यांच्या बिलात धरला जाणार का? महाराष्ट्रात नवे शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि पुढच्या वर्षापासून संलग्न महाविद्यालयांत आले. त्यात सातत्यपूर्ण मूल्यमापनावर भर आहे, आणि तो योग्यच आहे. पण सातत्याने मूल्यमापन करायला सातत्याने नोकरीत असलेला शिक्षक लागतो. शिक्षक न नेमता सॉफ्टवेअर विकत घेणे हा स्वस्त उपाय वाटतो. त्याची किंमत दहा वर्षांनी पदवीची पत गेल्यावर कळेल, आणि ती किंमत सरकार किंवा संस्थाचालक देणार नाहीत, आपली मुले देतील.

म्हणून शेवटी तुम्हा सर्वांना माझे सांगणे आहे. बी.एड.च्या विद्यार्थ्यांनो, पाठ टाचण यंत्राकडून करून घ्यायचा मोह होईल. तुम्ही उद्याचे शिक्षक आहात, निदान पहिला आराखडा स्वतःच्या डोक्याने करा आणि मग यंत्राला त्यातल्या चुका विचारा. पालकांनो, मुलाला किती गुण पडले एवढेच विचारू नका, या आठवड्यात काय समजले ते समजावून सांगायला लावा. तुम्ही शिकलेले नसलात तरी चालेल, समजलेले सांगता येते की नाही हे ऐकणाऱ्याला कळते. प्राध्यापकांनो, सॉफ्टवेअरने दाखवलेल्या टक्केवारीवरून कोणत्याही मुलाला दोषी धरू नका, आधी त्याला समोर बोलवा. आणि विचुंब्याच्या ग्रामस्थांनो, तुमच्या मुलांच्या महाविद्यालयात जाऊन दोन प्रश्न विचारा : यंत्राच्या वापराचे नियम मराठीत लिहिलेले आहेत का, आणि पूर्णवेळ शिक्षकांची किती पदे भरलेली आहेत? उत्तर लेखी मागा. ते मिळेपर्यंत मागत राहा.